मुलांची कार्टूनं, मोठ्यांची परंपरा

कार्टून हा विषय आपल्या बैठकांत सहसा निघत नाही. रेशन, दारू, पोटगी, बचत गटाचा हप्ता, कोर्टाची तारीख यांतून वेळ उरला तर ना! निघालाच तर तक्रार म्हणून निघतो. पोरगं मोबाईल पाहिल्याशिवाय घास घेत नाही, पोरगी अभ्यास सोडून टीव्हीपुढे बसते. पडद्यावर नेमकं काय चाललंय हे आपण पाहत नाही. ते पोरांचं, म्हणून बिनमहत्त्वाचं.

मैत्रिणींनो, मला वाटतं ते आता पाहायला हवं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर गाजलेले मुलांचे कार्टून सिनेमे घेतले तर त्यातल्या कितीतरींची गोष्ट एकच आहे. वयात येणारी मुलगी, कधी मुलगा, आणि समोर घराण्याची रीत. ‘मुलान’ (१९९८), ‘ब्रेव्ह’ (२०१२), ‘मोआना’ (२०१६), ‘कोको’ (२०१७), ‘एन्कांटो’ (२०२१), ‘टर्निंग रेड’ (२०२२). मुलीनं काय शिकावं, कुठवर जावं, कोणाशी लग्न करावं, अंगात बदल झाले की काय लपवावं, हे सगळे प्रश्न त्यांत आहेत. आपण किशोरी शिबिरात दोन दिवस जे बोलतो तेच हे.

मी नांदगाव पेठेत काम करते. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव. एकीकडे कापूस, तूर, सोयाबीनची शेती. दुसरीकडे औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि वीज प्रकल्प. किशोरी गटासाठी आम्ही अधूनमधून समाजमंदिरात सिनेमा दाखवतो. पोरींच्या सोबत आया येतात, आज्या येतात, एखाद्या शिक्षिका येतात. सिनेमा एकच असतो, पण नंतरच्या बोलण्यावरून वाटतं की प्रत्येकीनं वेगळाच पाहिला.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. या सिनेमांत मोठ्या माणसांना तारुण्य आणि परंपरा यांची कुस्ती दिसते. कोणी एकाच्या बाजूनं असतं, कोणी दुसऱ्याच्या. परंपरा राखणारी जी बाई मध्ये उभी असते, तिची गोष्ट मात्र कोणीच पाहत नाही. ती पाहिली नाही तर आपण पोरींना चुकीची निवड करायला लावतो आणि त्या निवडीत बहुतेक वेळा आपण हरतो.

दोन प्रकारचे मोठे

पहिल्या प्रकारच्या मोठ्यांना पडद्यावर बिघडलेली पोरगी दिसते. “काहून दाखवता ताई पोरीइले असं? आधीच ऐकत नाहीत,” असं एक आई मला सरळ म्हणाली. ही भीती काही नांदगावपुरती नाही. ‘शिनचॅन’ या जपानी मालिकेवर आपल्या देशात २००८ साली काही काळ बंदी आली होती. मूल मोठ्यांशी उर्मटपणे वागतं, ही तक्रार होती. ‘टर्निंग रेड’मध्ये तेरा वर्षांच्या मुलीची आई सॅनिटरी पॅडची पाकिटं घेऊन तिच्यामागं धावते. तेवढ्यावरून अमेरिकेतल्या पालकांनीही ‘हे मुलांसाठी नाही’ म्हणून तक्रारी केल्या. पाळीचं नाव निघालं की सातासमुद्रापलीकडचे आईबापही आपल्यासारखेच गोरेमोरे होतात!

दुसऱ्या प्रकारचे मोठे म्हणजे आपण. शिकलेल्या, चळवळीतल्या, शिबिरं घेणाऱ्या. आपल्यालाही पडद्यावर बंडच दिसतं, फक्त आपण त्याला टाळ्या वाजवतो. मुलीनं बापाचा शब्द मोडला, छान. रीत झुगारली, फार छान. मग आपण पोरींना विचारतो, “यातून काय शिकलात?” आणि उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं.

वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांचं गृहीत एकच आहे. तरुण म्हणजे मोडणारा आणि परंपरा म्हणजे अडवणारी. जुन्या सिनेमांनीही हेच शिकवलं होतं. १९८९ सालचा ‘लिटिल मर्मेड’ घ्या. राजा असलेला बाप मनाई करतो, सोळा वर्षांची मुलगी ती मोडते आणि शेवटी बापच विरघळून तिला हव्या त्या पुरुषाकडे पाठवतो. आई गोष्टीत नाहीच. एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्या पुरुषाच्या घरात जाणं, याला बंड म्हणायचं तरी कसं?

नंतरच्या सिनेमांत मात्र एक मोठा बदल झाला. आई आली, आजी आली, पणजी आली. परंपरेला बाईचा चेहरा मिळाला. त्यामुळे प्रश्नही बदलला, पण आपलं पाहणं काही बदललं नाही.

मोआनाची आजी गप्प का होती?

मोआना ही एका बेटाच्या मुखियाची मुलगी. खडकाच्या कडेपलीकडे समुद्रात कोणी जायचं नाही, हा बापाचा नियम. पोरीला समुद्राची ओढ. इथवर गोष्ट ओळखीची आहे. पण मग तिची आजी तिला एका गुहेपाशी नेते. आत पूर्वजांच्या मोठमोठ्या होड्या लपवून ठेवलेल्या असतात. आपले लोक मूळचे समुद्रावर फिरणारे होते, हे पोरीला तेव्हा कळतं. म्हणजे बापाची मनाई ही खरी परंपरा नव्हेच. ती नंतर भीतीतून आलेली आहे. बापानं तरुणपणी आपला जिवलग मित्र समुद्रात गमावलेला असतो. समुद्रावर जाणं हीच जुनी परंपरा आणि ती सांभाळून ठेवली होती गाव जिला वेडी समजतं त्या म्हातारीनं.

सिनेमा संपल्यावर नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “ताई, आजीला होड्या माहीत होत्या तर ती इतकी वर्षं गप्प का बसली?” मी काही बोलायच्या आधीच मागच्या सतरंजीवरून एक आजी म्हणाल्या, “लेकाच्या घरात राहाचं होतं तिले. कशी बोलन माय?”

पितृसत्तेवर आपण जी व्याख्यानं देतो त्यांत इतकं नेमकं वाक्य क्वचितच सापडेल. मुखिया हा त्या आजीचा मुलगा. बाईला माहीत असतं, पण ज्याच्या घरात राहायचं त्याच्यापुढे ते बोलता येत नाही. ती ते नातीला सांगते, तेही मरायच्या थोडं आधी. म्हातारीनं लेकाच्या सत्तेत राहणं म्हणजे काय, हे त्या आजींनी ओळखलं. आम्ही कार्यकर्त्यांनी त्या पात्राला ‘प्रेमळ आजी’ म्हणून सोडून दिलं असतं.

सोडून दिलेल्या बाईचा राग

‘कोको’ची गोष्ट मेक्सिकोतली. तिथं वर्षातून एकदा मेलेल्या माणसांचा सण असतो. फोटो मांडून, फुलं-नैवेद्य ठेवून त्यांना घरी बोलावतात. आपल्या पितृपक्षाशी नातं सांगणाराच सण म्हणा. बारा वर्षांच्या मिगेलला गाणंबजावणं हवंय, पण चपला-बूट शिवणाऱ्या त्याच्या घरात संगीताला सक्त बंदी. आजी तर हातात चप्पल घेऊनच फिरते. पाहणाऱ्या सगळ्या मोठ्यांची सहानुभूती पोराकडे जाते आणि ही जुनाट बंदी कधी उठते याची आपण वाट पाहतो.

पण ही बंदी घातली कोणी? मिगेलच्या खापरपणजीनं, इमेल्डानं. तिचा नवरा गाण्याच्या नादात घर सोडून गेला. पदरात एक लहान मुलगी. इमेल्डा रडत बसली नाही. ती चपला-बूट शिवायला शिकली, लेकीला शिकवलं, पुढच्या पिढ्यांना धंदा दिला. आणि जे गाणं नवऱ्याला घेऊन गेलं ते घराबाहेर काढलं. ती स्वतः गाणारी होती. तिनं आपलंही गाणं बंद केलं.

मैत्रिणींनो, या बाईला आपण ओळखतो की नाही? ती परित्यक्ता आहे. आपल्या चळवळीनं १९८० च्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांचा प्रश्न मांडला, त्यांच्यासाठी परिषदा भरवल्या, रेशनकार्डावर त्यांचं नाव यावं म्हणून भांडलो. नवऱ्यानं टाकलेल्या, शिवणकामावर, मजुरीवर घर उभं केलेल्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. त्यातली एखादी आपल्या मुलीला म्हणते, “नटायचं नाही, हसायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही,” तेव्हा आपण तिला मागासलेली म्हणतो. तिच्या नियमाखाली कोणती जखम आहे हे विचारत नाही.

या सिनेमाचं एक मला पटलं नाही, तेही सांगते. शेवटी कळतं की नवरा परत यायला निघाला होता आणि मित्रानंच त्याला विष देऊन मारलं. म्हणजे इमेल्डाचा राग हा गैरसमज ठरतो आणि क्षमा करायचं काम पुन्हा बाईच्याच वाट्याला येतं. पण मुळात बायको-पोरीला मागं ठेवून तो गेला होता, तो स्वतःच्या मर्जीनं. आणि आपल्या गावातून निघून गेलेल्या नवऱ्यांना सहसा कोणी विष घातलेलं नसतं. ते दुसरीकडे बिऱ्हाड थाटून सुखात असतात. ही गोष्ट पोरींना सांगताना एवढी भर आपण घालायलाच हवी.

पोराला गाण्याचा हक्क हवा, यात वाद नाही. पण तो हक्क देण्यासाठी इमेल्डाला खोटं ठरवायची गरज नाही. नियम आज जाचक आहे आणि ज्या दिवशी तो घातला त्या दिवशी त्याला कारण होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पिढ्यान्पिढ्या कोंडलेलं जनावर

‘टर्निंग रेड’मध्ये कॅनडात राहणाऱ्या चिनी कुटुंबातली मेई तेरा वर्षांची होते आणि राग किंवा आनंद अनावर झाला की तिचा भलामोठा लाल पांडा होतो. आईला हे आधीपासून ठाऊक असतं, कारण या घराण्यातल्या सगळ्याच बायकांना ते होतं. उपाय ठरलेला. आजी आणि मावश्या जमतात, विधी करतात आणि प्रत्येकीचं जनावर एकेका दागिन्यात कोंडून टाकतात. म्हणजे मंगळसूत्रात, पाटल्यांत आपणही काय काय कोंडून ठेवलंय याचा विचार व्हावा!

यातही एक जुनी गोष्ट दडलेली आहे. घराण्यातल्या पहिल्या बाईनं ही ताकद मुद्दाम मागून घेतलेली असते. लढाईच्या दिवसांत लेकींना वाचवता यावं म्हणून. जी पूर्वी ताकद होती ती नंतरच्या पिढ्यांत लाज झाली. मेई शेवटी आपला पांडा कोंडून घ्यायला नकार देते. हा नकार परंपरेला आहे की होकार? मला तर वाटतं, आई-आजीच्या विधीला तिनं नकार दिला आणि त्या पहिल्या बाईला होकार दिला.

हा सिनेमा डोमी शी या बाईनं केला. पिक्सार या मोठ्या कंपनीचा पूर्ण लांबीचा सिनेमा एकटीनं दिग्दर्शित करणारी ती पहिली स्त्री, तेही २०२२ साली. त्याआधी ‘ब्रेव्ह’ची कल्पना ब्रेंडा चॅपमनची, स्वतःच्या लेकीशी असलेल्या नात्यातून सुचलेली. पण अर्ध्यावर तिच्याकडून दिग्दर्शन काढून पुरुषाकडे दिलं गेलं. तेव्हा आई-मुलीच्या भांडणाची गोष्ट कोण सांगतंय हाही प्रश्न आहेच.

मीना आणि चुटकी

हे सगळं परदेशी झालं, आपल्याकडचं काय? आपल्याकडची ‘मीना’ मैत्रिणींना आठवत असेल. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे मुलींचं दशक म्हणून जाहीर केलं. त्याच काळात युनिसेफनं दक्षिण आशियासाठी मीनाच्या कार्टून गोष्टी तयार केल्या. आपले ज्येष्ठ कार्टूनकार राम मोहन यांचा तिला घडवण्यात मोठा हात होता. नाव आणि पोशाख असा की कुठल्याही देशातल्या, कुठल्याही धर्माच्या मुलीला ती आपली वाटावी. सोबत भाऊ राजू आणि मिठू पोपट. मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तर ती मिठूला शाळेत पाठवून त्याच्याकडून आकडे शिकते आणि कोंबड्या मोजताना चोर पकडून देते. आंबा ती काढते, मोठा वाटा राजूला मिळतो. मग दोघं एक दिवस एकमेकांची कामं करून पाहतात आणि राजूला कळतं की बहिणीचं काम किती असतं.

मीनाच्या गोष्टी मला आजही मोलाच्या वाटतात, त्याचं कारण हेच. त्यात मुलगी घर सोडून जात नाही, घरातली वाटणी बदलते. भावाला सोबत घेते. पुढे महाराष्ट्रातल्या शाळांतून ‘मीना-राजू मंच’ निघाले ते याच कल्पनेवर. मात्र मीनातही एक गोम आहेच. जुन्या रीतीचं बोलणं बहुतेक वेळा आजीच्या तोंडी येतं आणि बाप लवकर समजूतदार होतो. प्रत्यक्षात आपल्या घरांत शाळेचा, लग्नाचा, जमिनीचा निर्णय कोण घेतं? आजी की बाप? रीत बोलून दाखवते बाई आणि ती पाळली गेली की फायदा होतो पुरुषाचा. पडद्यावर मात्र बाईच खाष्ट दिसते.

मीनानंतर आला ‘छोटा भीम’. २००८ सालापासून टीव्हीवर. ढोलकपूर गाव, धोतर नेसलेला भीम, लाडू. अस्सल भारतीय म्हणून मोठ्यांना पसंत. त्यातली चुटकी शूर आहे, हुशार आहे, पण लाडू पुरवायचं काम तिच्याकडे. लाडू खाऊन ताकद येते ती भीमाला. यावर कोणाही पालकाची तक्रार मी ऐकलेली नाही. २०२० च्या जूनमध्ये मात्र समाजमाध्यमांवर एकच ओरड झाली. भीमानं राजकन्या इंदुमतीशी लग्न केलं, चुटकीवर अन्याय झाला, तिला न्याय द्या! शेवटी मालिका काढणाऱ्या कंपनीला जाहीर करावं लागलं की ही सगळी पात्रं अजून लहान मुलं आहेत, कोणाचंही लग्न झालेलं नाही.

लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. ही ओरड करणारी बहुतेक त्या मालिकेवर वाढलेली, आता मोठी झालेली मंडळी होती. लहान पोरीचा न्याय म्हणजे तिचं लग्न, हे त्यांना इतकं सहज सुचलं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ साली झाला. कायदा आहे, पण मनातली चुटकी अजून बोहल्यावरच उभी आहे.

वऱ्हाडातल्या गुहेतल्या होड्या

मोआनाच्या आजीनं गुहा उघडून दाखवली. आपल्याकडे अशा गुहा नाहीत का? आमच्याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, चारशे वर्षांहून जुनी मानली जाणारी. भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो आणि ही मुलगी स्वतः पत्र पाठवून आपल्या पसंतीच्या माणसाला बोलावून घेते, ही कथा घरोघरी माहीत आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला ती आली आणि तिथूनच श्रीकृष्णासोबत गेली, असं आमच्याकडे मानतात.

आता गंमत पाहा. एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ आपल्याकडे लग्नाळू मुलींना वाचायला सांगतात, चांगला नवरा मिळावा म्हणून. ज्या गोष्टीत मुलगी घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडते, ती गोष्ट घरच्यांनी ठरवलेलं लग्न लवकर व्हावं म्हणून वाचायची! आणि त्या पोथीपुढे बसलेल्या पोरीनं उद्या खरोखरच कोणाला चिठ्ठी पाठवली तर? तेव्हा परंपरा आठवते ती रुक्मीची.

दुसरं उदाहरण भुलाबाईचं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या पोरी ज्वारीच्या धांड्यांच्या मखराखाली भुलाबाई-भुलोजी मांडून संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत. शेवटी डबा वाजवून खाऊ ओळखायचा. सासर-माहेरचं दुःख, सासूची चेष्टा, नवऱ्याची खोड, सगळं त्या गाण्यांत. महिनाभर रोज संध्याकाळी पोरींनी घराबाहेर एकत्र जमायचं, ही त्या परंपरेतली खरी चैन होती. आता सगळे म्हणतात, भुलाबाई गेली, टीव्हीनं खाल्ली, पोरींना संस्कृतीची आवड नाही. पण संध्याकाळी सातनंतर पोरीला शेजारच्या आळीत जाऊ देत नाही तो कोण? टीव्ही? आणि तीच पोरगी कारखान्याच्या गाडीनं अंधारात कामाला गेली की मात्र काळवेळ आड येत नाही, कारण महिन्याला पगार घरात येतो. परंपरा कुठे ताणायची आणि कुठे सैल सोडायची हे पैसा आणि पुरुष ठरवतात. बदनाम मात्र होतात पोरी आणि त्यांची कार्टूनं.

सगळंच काही आपलं नाही

इथं एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अशानं आपण प्रत्येक परंपरेत काहीतरी चांगलं शोधत बसू आणि लढायचं विसरू. ज्या अंबादेवीच्या देवळातून रुक्मिणी गेली म्हणतात, त्याच देवळाचं दार अस्पृश्यांना बंद होतं. ते उघडावं म्हणून १९२७ साली अमरावतीत चळवळ झाली, आणि त्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढच्याच महिन्यात, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. काही परंपरांच्या गुहेत होड्या नसतात, नुसत्या बेड्या असतात. त्या जपायच्या नाहीत, तोडायच्या.

म्हणून परंपरेला मान देऊ या असं माझं म्हणणं नाही. तिची उलटतपासणी करू या, असं आहे. कार्टून सिनेमा त्यासाठी चांगलं साधन आहे, कारण तिथं कोणाच्या घरची अब्रू मध्ये येत नाही. हे सिनेमे काढणाऱ्या कंपन्यांना बाहुल्या आणि दप्तरं विकायची असतात, हेही विसरायचं कारण नाही. ‘मोआना’च्या वेळी त्यांनी बेटावरल्या लोकांच्या देवाच्या अंगासारखा, गोंदणासकट, पोशाख मुलांसाठी विकायला काढला होता. तिथल्या लोकांनी विरोध केल्यावर २०१६ साली तो मागं घ्यावा लागला. त्यांची गोष्ट आपण आपल्या कामाला वापरायची, त्यांचं दुकान चालवायचं नाही.

मग करायचं काय?

आमच्याकडे जे जमलं त्यावरून दोन-तीन सूचना करते.

सिनेमा एकट्या किशोरींना दाखवू नये. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्या एकत्र बसवाव्यात. ‘काय शिकलात’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी सिनेमातल्या प्रत्येक नियमाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. हा नियम कोणाच्या सोयीचा आहे? तो कोणत्या भीतीतून आला? आणि तो मुलालाही लागू आहे का? पडद्यावरच्या दोन-तीन नियमांची अशी चिरफाड झाली की पोरी आपण होऊन घरच्या नियमांवर येतात. ‘दहावीनंतर कॉलेज नको’ हा नियम कोणाच्या सोयीचा? गाडीभाडं वाचतं, रस्त्यावर छेड काढणाऱ्या पोरांना कोणाला हटकावं लागत नाही, आणि मुलगी लहान असली की हुंडा कमी पडतो. ही उत्तरं आयाच देतात, आपल्याला द्यावी लागत नाहीत.

दुसरं, गोष्ट आजीच्या बाजूनं सांगायला लावावी. इमेल्डा होऊन बोल, मोआनाची आजी होऊन बोल. पोरी फार चांगलं बोलतात. मग घरी जाऊन स्वतःच्या आजीला एकच विचारायचं: “तुला कशापासून अडवलं होतं?” या एका प्रश्नावर आमच्याकडे कोणाला विहिरीवर पोहणं आठवलं, कोणाला चौथीनंतर सुटलेली शाळा, कोणाला भजनात गाणं.

तिसरं, येत्या भाद्रपदात भुलाबाई बसवावी. सगळ्या वस्त्यांतल्या, सगळ्या जातीधर्मांच्या पोरींची, गावाच्या मधोमध, आणि ग्रामपंचायतीकडून त्या रस्त्यावरचे दिवे लावून घेऊन. आमच्याकडे यावर खल चालू आहे. काही जणींना त्यात देवधर्म नको वाटतो, काही जणींना देवाशिवाय भुलाबाई कशी असं वाटतं. हा वाद पोरींच्याच पुढ्यात झालेला बरा.

यामागं माझा हिशेब अगदी व्यवहाराचा आहे. सोळा वर्षांच्या मुलीला आपण ‘बंड की घर’ अशी निवड दिली तर ती घर निवडते. तिला रात्री तिथंच झोपायचं असतं, तिथंच जेवायचं असतं. आपली संस्था संध्याकाळी कुलूप लावून निघून जाते. तिच्या बाजूनं घरात एक तरी म्हातारी उभी राहिली तर लग्न दोन वर्षं पुढं ढकललं जातं, कॉलेजचा फॉर्म भरला जातो. मी हे होताना पाहिलं आहे. ती म्हातारी आपल्याला परंपरेची पहारेकरी वाटते. आत काय कोंडलंय हे ठाऊक असलेलीही तीच असते.

तुमच्या गावात, तुमच्या गटात मुलांसोबत असे सिनेमे पाहिले असतील तर कोण काय बोललं ते जरूर लिहून कळवा. पोरींचं तर लिहाच, पण मागच्या सतरंजीवर बसलेल्यांचं विशेष लिहा.